मानाची सीट

आमच्या ह्यांच्यापाशी आजही कोणी त्या गाडीचा विषय काढला, की ते खुर्चीत सरसावून बसतात. गाडी किती चपळ होती, वळणावर कशी रस्त्याला चिकटून जायची, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कणकवलीची माणसं ती कशी ओळखायची, हे सगळं यथासांग सांगून होतं. ऐकणारा मान डोलावतो. मी आत जाऊन चहा टाकते. त्या गाडीबद्दल मला जे सांगायचं आहे ते चहाबरोबर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून ठेवते.

गाडी दोन माणसांची होती. हे आधी नीट ध्यानात घ्यायला हवं, कारण ती घेताना ह्यांनी घेतलं नव्हतं. आमचं जामसंड्याचं घर अकरा माणसांचं. बाजाराला निघालं तर चौघं निघणार, देवाला निघालं तर सात, आणि लग्नाला निघालं तर शेजारीही निघणार. अशा घरात ह्यांनी एक चालवणारा आणि एक बसणारा एवढीच सोय असलेली, डोक्यावर छप्पर म्हणून कापडाची घडी असलेली विलायती गाडी आणून उभी केली. गोवा मुक्त झाल्यानंतरचं ते वर्ष. तिकडचे साहेब घाईघाईने बोटीत बसून गेले आणि त्यांच्या गाड्या मागे राहिल्या. आंब्याच्या पेट्या वाहायला जुना ट्रक बघतो म्हणून घराबाहेर पडलेला माणूस पणजीला ही बघून आला आणि हीच घेऊन आला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो आमच्या अंगणात चार चाकांवर उभा होता.

रंग गर्द हिरवा. उंची अशी, की बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच फतकल मारायची. आमच्याकडचे रस्ते तेव्हा जांभ्या दगडाचे, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेले. गाडीचं पोट दर फर्लांगाला दगडावर घासायचं आणि दर वेळी हे असे कळवळायचे की जणू त्यांचीच पाठ सोलली. छप्पर उघडून वाऱ्यात फिरायची ही गाडी, असं ते सगळ्यांना सांगत. वारा होता, नाही कशाला म्हणू? त्या वाऱ्याबरोबर तांबडी धूळही होती. भर वैशाखात गळ्याला रुमाल आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून सकाळी निघालेले हे दुपारी परतले, की शिमग्याहून आल्यासारखे दिसत. चष्मा काढला की डोळ्यांभोवती तेवढी दोन गोरी वर्तुळं.

अशी उघडी गाडी माडाखाली उभी करू नये, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळेल. ह्यांनी केली, कारण तिथे सावली होती. नारळ पडला नाही हे नशीब. झावळी पडली आणि छप्पर इकडून तिकडे फाटलं. तसलं कापड मुंबईतसुद्धा मिळेना. शेवटी देवगड बंदरावर पडावांची शिडं शिवणारा एक म्हातारा होता, त्याने शिडाच्या कापडाचं भलंमोठं ठिगळ मारून दिलं. त्यानंतर वारा भरला की छप्पर फुगायचं. पावसाळ्याचे चार महिने गाडी माडाच्या झापांच्या खोपीत झाकून ठेवायची, आणि नवरात्रात बाहेर काढली की पायाखालच्या गालिच्यात अळंबी उगवलेली असायची. असून अडचण आणि नसून खोळंबा, असं काही असेल तर ते हेच, असं मी तेव्हा म्हणत असे. तो नसून खोळंबा नव्हता, असूनच होता, हे मला पुढे कळलं.

गाडी आली तेव्हा ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला. इथपर्यंत ठीक. मग देवळातून परतताना ह्यांनी गावच्या पहिल्या मानकऱ्याला बाजूला बसवून एक फेरी मारून आणली. झालं. आमच्याकडे पालखीला हात लावण्यापासून प्रसादाच्या शेंगदाण्यापर्यंत सगळ्याला क्रम असतो. त्या फेरीने दुसऱ्या सीटला मान चिकटला. दुसरा मानकरी दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, टोपी घालून अंगणात हजर. मग तिसरा. तिसऱ्याची फेरी दुसऱ्यापेक्षा लांब झाली म्हणून दुसरा आमच्या घरी दोन वर्षं आला नाही. जगात कुठे मोटारीच्या सीटला मान असेल असं मला वाटत नाही. पण आमच्या गावाने पंधरा दिवसांत तो ठरवून टाकला, आणि ह्यांनीही छाती पुढे काढून तो पाळला. मानकरी झाले, भटजी झाले, वडीलधारे झाले. सुनांचा नंबर त्यात कुठेच नव्हता. बायकोने नवऱ्याशेजारी उघड्या गाडीत बसून गावातून जायचं, हे तर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. गाडी घेतली तेव्हा ह्यांनी मला खोलीत सांगितलं होतं, की पहिली लांबची फेरी वेंगुर्ल्याला, तुझ्या बाबांकडे. तीन वर्षांत ती फेरी झाली नाही.

आणि तरीही मी ती गाडी चालवायला शिकले. त्याचं श्रेय बॅटरीला. ती कायम उतरलेली असे. गाडी ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही, आणि ढकलायचं म्हणजे पुरुषांचं काम. हे आणि माझे दीर मागून ढकलणार. मग स्टिअरिंगवर कोणी बसायचं? ती जागा ड्रायव्हरची आणि ड्रायव्हर म्हणजे गडी. त्या जागेला मान नव्हता, म्हणून ती मला मिळाली. घरामागे मोठा कातळाचा सडा आहे, सपाट आणि मोकळा. तिथे ह्यांनी मला शिकवलं: क्लच दाबून धरायचा, हाक आली की सोडायचा, इंजिन लागलं की एक वळसा घेऊन परत आणायची आणि उतरायचं. मी उतरले की हे बसणार आणि शेजारी जो कोणी मानाचा असेल तो बसणार. मी मात्र दर खेपेला वळसा थोडा मोठा करत गेले. आधी करवंदीच्या जाळीपर्यंत, मग सड्याच्या टोकापर्यंत. हे मागून हातवारे करत धावत येत. वर्षभरात मी चारही गिअर टाकत होते, आणि हे अजूनही दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडीचे दात वाजवत होते.

माझे वडील वेंगुर्ल्याला एकटे राहत. आई मी शाळेत असतानाच गेली, मला भाऊ नाही. बाबा चित्रकलेचे मास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. मार्गशीर्षात त्यांचं पत्र आलं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसते, असं लिहिलं होतं. आणि मास्तरच ते, आत निळा आणि बाहेर तांबडा असा रंगांचा क्रमही लिहिला होता. पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. तिथल्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. मिरजेला जा, लवकर जा, जेवढी नजर जाईल तेवढी परत येणार नाही, असं बजावलं. मी पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी त्याच दिवशी बाबांना उत्तर लिहिलं: आपण एसटीने बिलकुल जाऊ नये, मी स्वतः गाडी घेऊन येतो आणि आपल्याला मिरजेला नेतो. पत्र पोस्टात टाकण्याआधी त्यांनी ते सासूबाईंना, दिरांना आणि ओटीवर बसलेल्या पहिल्या मानकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. जावई असावा तर असा, असं मानकरी म्हणाले. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

ह्यांची आत्या संक्रांतीला मुंबईहून आली. तिला गाडीत बसवून सगळ्या सोयऱ्यांकडे हिंडवणं भाग होतं; बारा दिवस त्यात गेले. शिवरात्रीला सासूबाई कुणकेश्वराच्या जत्रेला गाडीतून गेल्या. एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने गाडीचं दार धरून त्या डोळे मिटून बसल्या होत्या, आणि परत आल्यावर प्रवास फार सुखाचा झाला म्हणून सांगत होत्या. मग आळीतल्या बायकांनाही तसंच जायचं होतं, एकेकीला. सातव्या फेरीत कुणकेश्वरच्या चढावर क्लच जळाला. त्याचं सामान कोल्हापूरहून यायला तीन आठवडे लागले. तोवर शिमगा आला. शिमग्यानंतर तिसऱ्या मानकऱ्याच्या मुलाचं लग्न, नवरा मुलगा त्या गाडीतून नेला नसता तर आणखी एक घर तुटलं असतं. मी दर वेळी विचारत होते. ह्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"ह्या एकदा आटपलां की जावया."

मला ह्यांचा राग येत होता, आणि त्याहून जास्त माझा येत होता. एसटी रोज सुटत होती. पण एसटीने बाबांना नेते म्हटलं की ह्यांचा चेहरा पडायचा. गावभर सांगून झालंय, आता तुझ्या वडिलांना एसटीत घालून नेलंस तर माझी पत काय राहिली, असं म्हणायचे. आणि मीही, शिकलेली मास्तरांची मुलगी, ती त्यांची राहावी म्हणून गप्प बसत होते.

मग आंबा सुरू झाला. हे पेट्यांबरोबर मुंबईला गेले, पंधरवड्याने येणार होते. ते गेल्यावर चार दिवसांनी बाबांचं पत्र आलं. अक्षर बाबांचं नव्हतं. त्यांनी ते शेजाऱ्याकडून लिहवून घेतलं होतं. आत नेहमीचाच मजकूर, तब्येत बरी आहे, जावईबापूंना सवड होईल तेव्हा यावं, घाई नाही. मी ते अक्षर पुन्हा पुन्हा बघितलं. ज्याने आयुष्यभर पोरांना सरळ रेघ मारायला शिकवली, तो माणूस आता स्वतःच्या मुलीला चार ओळी लिहू शकत नव्हता.

मी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की मी गाडी घेऊन वेंगुर्ल्याला जाते, तिथून बाबांना मिरजेला नेते. मला वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. त्या तांदूळ निवडत होत्या. मग सूप खाली ठेवलं.

"जा. पण देवळाकडल्या रस्त्यान जाव नको. लोक बघतीत."

म्हणजे बाईने एकटीने तीन जिल्हे गाडी हाकायला हरकत नव्हती, देवळासमोरून हाकायला होती. निघताना त्यांनी दुसऱ्या सीटवर एक सोललेला, शेंडीचा नारळ ठेवला. ती मानाची जागा, रिकामी गावाबाहेर नेऊ नये, म्हणाल्या. दिरांनी तोंड वाकडं करत गाडी ढकलली. मी क्लच सोडला आणि या खेपेला वळसा घेतला नाही.

नांदगाव, कणकवली, कुडाळ. मला लायसन्स नव्हतं. कुडाळला एका पोलिसाने हात वर केला, आणि स्टिअरिंगवर नऊवारीतली बाई आणि शेजारी नारळ बघून तो हात तसाच कपाळाला नेऊन सलाम ठोकला. त्याला काय वाटलं कोण जाणे. बॅटरीच्या भीतीने मी कुठेही सपाटीवर थांबले नाही. जिथे उतार दिसेल तिथेच उभी करायची, म्हणजे निघताना कोणाच्या पाया पडायला नको. वेंगुर्ल्यालाही बाबांच्या घराच्या वरच्या अंगाला, उतारावर उभी केली.

बाबा ओटीवर बसले होते. मी पायऱ्या चढून समोर आले तरी त्यांनी ओळखलं नाही; बाजूला सरकले तेव्हा ओळखलं. मान तिरकी करून, कोंबडीसारखे एका बाजूने बघत होते. मी म्हटलं, चला, गाडी आणली आहे. तर ते हसले आणि म्हणाले, जेव, आराम कर, मी काही यायचा नाही. मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं.

"तुका पोर होयसर मी तुझ्या घरचा पाणी पिवचंय नाय. मगे गाडयेत कसो बसतलंय?"

आमच्यात ती रीत आहे. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाणीही प्यायचं नाही. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि माझी कूस रिकामी होती. पाच वर्षांत बाबा दोनदा जामसंड्याला येऊन गेले, दोन्ही वेळा कोरड्या तोंडाने. गाडी म्हणजे पाण्याचा मोठा भाऊच, असा त्यांचा हिशेब. मी विचारलं, मग ह्यांना तसं कळवायचं होतं आणि एसटीने जायचं होतं. तर म्हणाले, जावयाने स्वतःच्या हाताने लिहिलं, मी येतो म्हणून, त्यांचा शब्द मोडून एसटीने गेलो असतो तर त्यांचा अपमान झाला असता.

मी पायरीवर बसले. पाच महिने एक माणूस जी गाडी न्यायची नव्हती तिची वाट बघायला लावत होता, आणि दुसरा माणूस जिच्यात बसायचं नव्हतं तिची वाट बघत होता. दोघेही एकमेकांचा मान राखत होते. फार सभ्य माणसं. मधल्या मध्ये डोळे चालले होते, पण डोळ्यांना कुठे मान असतो? माझ्या मनात जेवढा तिरस्कार साठला होता तेवढा सगळा त्या क्षणी वर आला, आणि मी माझ्या बापाला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं टाकून बोलले.

"बाबानू, माका पोर होतला तेव्हा तां बघूक तुमचे डोळे खंय आसतले?"

ते उठले, चाचपडत आत गेले, टोपी घातली, छत्री घेतली आणि विहिरीचं पाणी तांब्यात भरून घेतलं. तांब्यावर फडकं बांधलं. गाडीत बसेन पण पाणी माझं मी नेईन, असा तो तह होता. सीटवरचा नारळ ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो त्यांच्या मांडीवर आला. नारळ मुलीच्या घरचा होता, पण त्याला ते काही बोलले नाहीत.

आंबोलीच्या घाटात गाडी उकळली. निम्म्या चढावर वाफ यायला लागली, आसपास झरा नाही, उन्हाळ्याने सगळं आटलेलं. बाबांनी आवाजावरून ओळखलं. त्यांनी फडकं सोडलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. पाच वर्षं माझ्या घरचं पाणी न प्यालेल्या माणसाचं पाणी माझ्या घरच्या गाडीने एका घोटात संपवलं. पुढे मिरजेपर्यंत बाबा तहानलेले होते. वाटेत मी एका हॉटेलात पाणी मागून आणलं, तेव्हा त्यांनी आधी विचारलं की हे कोणाचं.

मिरजेच्या डॉक्टरांनी पाऊण तास तपासलं. डावा डोळा गेलेला होता. उजव्यात जे काही उरलं होतं ते शस्त्रक्रिया करून टिकवता येईल, म्हणाले. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, त्रास मार्गशीर्षात सुरू झाला, मग इतके महिने का थांबलात? मी ह्यांचं पत्र, आत्या, जत्रा, नवरदेव, सगळं सांगायला तोंड उघडलं. त्याआधी बाबा शाळेतल्या शुद्ध मराठीत बोलले.

"रस्ते फार खराब आहेत हो आमच्याकडचे."

डॉक्टरांनी मान हलवली. जावयाचा मान राहिला.

हे मुंबईहून आले आणि आठवडाभर चिडले. मग गावात सांगायला लागले, की मीच हिला गाडी शिकवली म्हणून सासऱ्यांचा डोळा वाचला. आजही सांगतात. वाचलेल्या डोळ्याचं सांगतात. गाडी पुढे कोल्हापूरच्या एका हौशी माणसाने नेली. मी जवळजवळ चार वर्षं ती चालवली असेन, ढकलताना, आणि नंतर न ढकलताही. दुसऱ्या सीटवर मात्र मी कधीच बसले नाही.

पुढल्या वर्षी मला मुलगी झाली. बारशाला बाबा आले, एसटीने. मुलीला उजव्या हातावर घेऊन, मान तिरकी करून त्यांनी तिला पुष्कळ वेळ बघितलं. मग ओटीवर बसले आणि आमच्या घरी पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं. सगळं घर बघत होतं. मी तांब्याभांडं घेऊन धावत आले आणि पुढे केलं. ते हात पुढे न करता तसेच थांबून राहिले, पुन्हा म्हणाले, पाणी दी गो बाये. मी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला उभी होते. मग मी वळसा घेऊन उजवीकडे गेले.